अभ्यासक्रमाची पदवी, कोकणातून पाहताना

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरच्या प्राथमिक शाळेचं चित्र दोन ओळींत सांगता येतं. मुलं पंधरा-वीस, इयत्ता चार किंवा पाच, शिक्षक दोन. शिक्षणहक्क कायद्याने ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. त्यामुळे एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी ही इथली नेहमीची रीत आहे. त्यातले गुरुजी केंद्राच्या बैठकीला गेले, की बाईंच्या समोर सगळी शाळा असते. बालभारतीची पुस्तकं, वार्षिक नियोजन, घटकांना वाटून दिलेल्या तासिका हे सगळं मात्र एका इयत्तेला एक शिक्षक धरून बांधलेलं असतं. दुसरीची मुलं गणितं सोडवत असताना पहिलीच्या मुलांनी काय करायचं, याचं उत्तर बाई रोज स्वतः शोधतात. पुष्कळदा ते उत्तर फार चांगलं असतं. पण ते त्या खोलीच्या बाहेर पोहोचत नाही. पलीकडच्या डोंगरावरच्या शाळेतले गुरुजी तोच शोध पहिल्यापासून लावत बसतात.

असं उत्तर नीट मांडायचं, तपासायचं, दुसऱ्याला वापरता येईल असं करायचं आणि शेवटी अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या टेबलावर पोहोचवायचं, हे शिकण्यासाठी एक पदव्युत्तर शिक्षण आहे. अमेरिकेत या विषयाला ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ म्हणतात आणि त्यात स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. साधारण ३० ते ३६ क्रेडिट, एक ते दोन वर्षं, शेवटी प्रबंध किंवा एखादा मोठा प्रकल्प, असा तिचा आकार असतो. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात यासाठीचा स्वतंत्र विभाग १९३८ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे या नावाची वेगळी पदवी सहसा दिसत नाही. ते काम एम.एड. करते. अभ्यासक्रमाचा अभ्यास हा तिचा एक मुख्य विषय असतो. म्हणून या प्रकरणात एम.एड.ला काय लागतं ते पाहू, आणि तिच्यातून कोकणाला काय मिळू शकतं तेही.

आधी थोडं मागे जायला हवं, कारण अभ्यासक्रम कोणी ठरवायचा हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही.

दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५च्या सुमारास सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी मित्रांबरोबर पायी साताऱ्याला गेले. कुंभार्ली घाट चढून, शंभरावर मैल तुडवून ते पोहोचले आणि तिथे वयाच्या अटीवर अडले. सतरा वर्षं पूर्ण हवीत असा नियम होता. कर्व्यांचं वय त्यात बसत होतं, पण अंगाने ते लहान दिसत. समितीने त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही आणि तेवढंच अंतर पुन्हा चालून ते घरी आले. पात्रतेची अट माणसाला किती लांबून परत पाठवू शकते, हे या घटनेत दिसतं.

चाळीस वर्षांनंतर अटी ठरवण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९१५ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती पडली, आणि १९१६ मध्ये त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. पुढे ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्या वेळची सरकारमान्य विद्यापीठं इंग्रजीतून शिकवत. कर्व्यांनी मातृभाषेतून पदवीपर्यंतचं शिक्षण ठेवलं आणि गृहशास्त्र, आरोग्य हे विषय पदवीच्या पातळीवर आणले. पदवीचं नाव होतं ‘गृहीतागमा’. बायकांसाठी वेगळा अभ्यासक्रम असावा का, यावर तेव्हाही वाद झाला आणि आजही तो व्हायला हरकत नाही. स्त्रियांचं शिक्षण घरकामाशी बांधलं की त्यांच्या वाटा आखडतात, हा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही कोणाला, कोणत्या भाषेत, कशासाठी काय शिकवायचं, हे प्रश्न मुरूडच्या एका गणिताच्या शिक्षकाने एका विद्यापीठाच्या पातळीवर सोडवायला घेतले, ही गोष्ट मोठी आहे.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून झाकिर हुसेन समिती नेमली गेली. तिने हस्तोद्योग मध्याशी ठेवून सात वर्षांचा तपशीलवार अभ्यासक्रम आखला. अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ च्या एका छोट्या पुस्तकात सगळा व्यवहार चार प्रश्नांत आणला: शिकवण्याची उद्दिष्टं कोणती, ती गाठायला मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कोणत्या क्रमाने जोडायचे, आणि उद्दिष्टं गाठली गेली हे कसं ओळखायचं. एम.एड.चा विद्यार्थी आजही हे चार प्रश्न शिकतो. ज्याने वर्गात पाठ टाचणं लिहिली आहेत, त्याला ते ओळखीचे वाटतात. फरक हा, की पाठ टाचणाच्या वेळी उद्दिष्टं वरून आलेली असतात. इथे तीच तपासायला घ्यायची असतात.

शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीचा भारतातला उगम मुंबईचा. माध्यमिक शिक्षकांना घडवणारं सरकारी सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मुंबईत १९०६ पासून होतं, आणि १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने देशातली पहिली एम.एड. पदवी सुरू केली. रत्नागिरी जिल्हा आज त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो आणि शहरात विद्यापीठाचा उपपरिसरही आहे. पुढे पदव्या वाढल्या, महाविद्यालयं वाढली. मग ती इतकी वाढली की त्यांच्या दर्जाचा प्रश्न न्यायालयात गेला. महाराष्ट्रातल्या डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं, २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ च्या अखेरीस नवे नियम काढले, त्यामागे हा अहवाल होता. तोपर्यंत बी.एड. आणि एम.एड. दोन्ही एका वर्षाच्या होत्या. २०१५-१६ पासून त्या दोन वर्षांच्या झाल्या. देशभरातल्या शिक्षक-प्रशिक्षणाची घडी बदलायला आपल्या राज्यातल्या विद्यालयांची अवस्था कारणीभूत झाली, हे महाराष्ट्रात कमी लोकांना आठवतं.

आता त्या नियमांकडे वळू.

एम.एड.ला प्रवेश घेण्यासाठी बी.एड.ला किमान ५० टक्के गुण हवेत. चार वर्षांची एकात्मिक बी.ए.बी.एड. किंवा बी.एस्सी.बी.एड. चालते, बी.एल.एड.ही चालते. आणखी एक दार आहे, ज्याकडे कोकणातल्या प्राथमिक शिक्षकांनी लक्ष द्यावं. डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., आणि त्यासोबत कोणत्याही शाखेची पदवी, दोन्हींत ५० टक्के, असेल तर बी.एड. न करताही एम.एड.साठी पात्रता मिळते. बारावीनंतर डी.एड. करून वाडीवरच्या शाळेत रुजू झालेले आणि मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालेले शिक्षक जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना वाटतं की एम.एड. आपल्यासाठी नाही. नियमात तसं काही नाही. राखीव प्रवर्गांना राज्याच्या नियमांप्रमाणे सवलत असते. प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्ष एम.एड.ची वेगळी परीक्षा घेतो, आणि त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचल्याशिवाय अर्ज भरू नये, कारण बारीक अटी बदलत राहतात.

प्रवेशानंतरची मागणी जड आहे. दोन शैक्षणिक वर्षं, प्रत्येकी किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास. व्याख्यानं आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, क्षेत्रकार्याला ९० टक्के. पदवी पुरी करायला जास्तीत जास्त तीन वर्षं मिळतात. एकूण क्रेडिट ८०. त्यातला सुमारे ६० टक्के भाग सर्वांना समान असतो: शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास, अभ्यासक्रमाचा अभ्यास, संशोधन पद्धती, शैक्षणिक लेखन, शैक्षणिक तंत्रज्ञान. उरलेल्या भागात प्राथमिक किंवा माध्यमिक शिक्षणातलं विशेषीकरण आणि लघुप्रबंध येतात. शिवाय किमान चार आठवडे प्रत्यक्ष क्षेत्रात, म्हणजे एखाद्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत किंवा शिक्षणाशी संबंधित दुसऱ्या संस्थेत, काम करायचं असतं.

नोकरीत असलेल्या माणसाला हे वेळापत्रक परवडत नाही, हे उघड आहे. २०० दिवस वर्गात बसायचं तर अभ्यासरजा हवी, आणि मंडणगड किंवा राजापूरच्या शिक्षकाने कोल्हापूर-मुंबईला राहायचं तर घरखर्च दुप्पट होतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात एम.एड. आहे, घाट चढून जाणाऱ्यांना ते जवळ पडतं. तरी रजेचा प्रश्न उरतोच. म्हणून अनेक जण एम.ए. शिक्षणशास्त्राकडे वळतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू ही पदवी दूरशिक्षणाने देतात आणि तिला बी.एड.ची अट सहसा नसते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातली एम.ए. सुरू केली, तीही नोकरी करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. काही दिवस मुंबईत वर्ग, बाकीचा अभ्यास आपल्या गावी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, एकलव्य, दिगंतर, उदयपूरची विद्या भवन सोसायटी आणि पुण्याचं सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्था तिच्या उभारणीत होत्या. पाठ्यपुस्तकं आणि शिकवण्याच्या पद्धती प्रत्यक्ष घडवणारी ही मंडळी, त्यामुळे तिथल्या अभ्यासाला शाळेच्या फळ्याचा स्पर्श होता. अभ्यासक्रम आखायला शिकायचं असेल तर पदवीच्या नावापेक्षा हे आधी पाहावं.

दोन्ही पदव्यांचा व्यवहारातला उपयोग मात्र वेगळा आहे. शाळेत शिकवायला एम.एड. लागत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर प्राथमिक वर्गांसाठी बी.एड.ही ग्राह्य धरता येणार नाही, डी.एल.एड.च हवं, असा निर्णय दिला. एम.एड. लागते ती शिक्षकांना शिकवण्यासाठी. बी.एड. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर आपल्या विषयातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, एम.एड. ५५ टक्क्यांनी, आणि वर नेट, सेट किंवा पीएच.डी. अशी उतरंड आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्र शिकवणाऱ्या जागांसाठी ५५ टक्क्यांची एम.ए. शिक्षणशास्त्र आणि तेवढ्याच गुणांची बी.एड. ही जोडीही चालते. डी.एल.एड. विद्यालयांतले अध्यापक याच पदव्यांतून येतात. रत्नागिरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं, म्हणजे ‘डाएट’चं, काम हेच: जिल्ह्यातल्या शिक्षकांना शिकवणं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून या संस्था जन्मल्या, आणि अभ्यासक्रम जिल्ह्याच्या मातीत रुजवणं हा त्यांच्या जबाबदारीचा भाग होता.

या सगळ्या अटींत सर्वांत मोलाची गोष्ट लघुप्रबंध आहे असं मी मानतो, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त उरकली जाते. शिक्षकांचा अमुक गोष्टीकडे पाहण्याचा दृष्टिकोन, असा विषय घ्यायचा, शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, पुरुष आणि स्त्री शिक्षकांच्या सरासरीतला फरक टी-परीक्षिकेने काढायचा, परिकल्पना स्वीकारायची किंवा त्यागायची, शिफारशी लिहायच्या, मौखिक परीक्षा द्यायची. पद्धतीत काही चूक नसते. पण हे वाचून कुठल्याही वर्गात उद्या काही बदलत नाही. मुलगा किंवा मुलगी दोन वर्षं कष्ट करते आणि तिचं काम कपाटात जातं, याचं वाईट वाटतं.

रत्नागिरीत बसून पाहिलं तर विषयांची वाण नाही. सुरुवातीच्या त्या दोनशिक्षकी शाळेचंच घ्या. तिसरी-चौथीचा परिसर अभ्यास एकत्र शिकवण्यासाठी सहा घटकांचं नियोजन तयार करायचं. दोन इयत्तांची उद्दिष्टं शेजारी मांडायची, सारखी कोणती, वाढत जाणारी कोणती, पूर्ण वेगळी कोणती ते पाहायचं. सारख्या उद्दिष्टांना एकच कृती द्यायची, वाढत्या उद्दिष्टांना एकाच कृतीचे दोन थर. मग एका केंद्रातल्या काही शाळांत पूर्वचाचणी, सहा आठवडे अध्यापन, वर्गनिरीक्षण, उत्तरचाचणी. न्यादर्श लहान असेल, आकडे भव्य दिसणार नाहीत. पण हाती जे येईल ते शेजारच्या केंद्राला दुसऱ्या दिवशी वापरता येईल. पंधरा-वीस मुलांच्या शाळा बंद करून समूहशाळा कराव्यात का, असा वाद २०२३ पासून राज्यात चालू आहे. अशा शाळेत चांगलं शिकवता येतं की नाही, याचा प्रत्यक्ष पुरावा त्या वादात फार थोडा मांडला गेला. तो पुरावा एम.एड.चे विद्यार्थी उभा करू शकतात.

दुसरा विषय कातळावर कोरलेला आहे. कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, जांभरूण इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या यादीत ही सात ठिकाणं रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसईमाळ गोव्यातलं. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कोरलेल्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राण्यांच्या आकृत्या सामावलेल्या आहेत. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या काढल्या. त्यामुळे तिसरीत मूल आपल्या जिल्ह्याबद्दल वाचतं, पुढच्या वर्षापासून पुस्तक पुन्हा सगळ्या राज्याचं होतं. चौथी-पाचवीसाठी कातळशिल्पांवर एक घटक आखता येईल. जांभा दगड कसा असतो, सड्यावर पाणी का थांबत नाही, आकृती मोजून तिचं प्रमाणात चित्र कसं काढायचं, लेख नसताना काळाबद्दल अंदाज कसा बांधायचा. भूगोल, गणित, चित्रकला आणि इतिहास यांची सांधेजोड इथे ओढूनताणून करावी लागत नाही.

तिसरा विषय वेळापत्रकाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे हर्णै, मिरकरवाडा, नाटे इथल्या मुलांचे वडील नेमके त्या वेळी घरी असतात, जाळी दुरुस्त करत असतात. पालकांना वर्गात बोलवायचं, गाठी, अंतरं, वजनं यांवरचं गणित त्यांच्याकडून शिकायचं, तर तेच दिवस. उलट वार्षिक परीक्षा येते ती आंब्याच्या हंगामात, आणि मोठी मुलं बागेत पेट्या भरायला हाताशी लागतात. नियोजन राज्यभर एकच असावं हे समजतं. त्यात जिल्ह्यानुसार घटकांचा क्रम बदलायला किती जागा आहे, हा अभ्यासाचा प्रश्न आहे, आणि अजून तो कोणाला तरी सोडवायचा आहे.

अशा कामाला जिल्ह्यात आधारही आहे. दापोली तालुक्यातल्या चिखलगावी, लोकमान्य टिळकांच्या मूळ गावी, डॉ. राजा दांडेकर आणि रेणू दांडेकर यांनी १९८० च्या दशकात ‘लोकसाधना’ची शाळा उभी केली. शेती, बांधकाम, यंत्रं, स्वयंपाक यांच्यासह शिकण्याचा त्यांचा प्रयोग चार दशकं चालला आहे. एम.एड.च्या विद्यार्थ्याला चार आठवड्यांच्या क्षेत्रकार्यासाठी अशा जागा मिळायला हव्यात. तिथे जे घडतं त्याची नोंद अभ्यासकाच्या शिस्तीने झाली तर ती शाळा एकट्या माणसांच्या तळमळीवर अवलंबून राहणार नाही.

एक आक्षेप इथे नेहमी येतो. कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला असतो, २०२४ मध्ये तो ९९.०१ टक्के लागला, मग अभ्यासक्रमाची एवढी चिंता कशाला? निकाल खरा आहे आणि त्यामागचे कष्टही. पण टायलर यांचा चौथा प्रश्न वेगळा आहे. ठरवलेली उद्दिष्टं गाठली गेली का, हे उत्तीर्णांच्या टक्केवारीतून पुरतं कळत नाही. दहावीत उत्तम गुण मिळवून मुलगी मुंबईला जाते, तिचा भाऊ पुण्याला जातो, आणि गावातली शाळा अठरा पटावर येते. इथे राहून जगता येईल असं काही आपण शिकवतो का, हे निकालपत्रक सांगत नाही.

एम.एड.चं रूप पुन्हा बदलण्याच्या वाटेवर आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षक होण्याची किमान पात्रता ठरवायचं म्हटलं. २०२५ च्या फेब्रुवारीत एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात एका वर्षाची एम.एड. परत आणण्याचा विचार होता. नोकरी करणाऱ्यांना एक वर्ष सोपं जाईल, रजा मिळण्याची शक्यता वाढेल. माझी काळजी क्षेत्रकार्याची आणि लघुप्रबंधाची आहे. सहा आठवड्यांचं अध्यापन, त्याआधीची तयारी, त्यानंतरचं लेखन हे एका वर्षात बसवताना कात्री सहसा याच भागांवर चालते. या बदलावर बोलताना शिक्षक-प्रशिक्षकांनी क्रेडिटच्या वाटणीवर बोट ठेवायला हवं.

तोवर ज्याला ही पदवी घ्यायची आहे त्याने महाविद्यालय निवडण्याआधी एक काम करावं. ग्रंथालयात जाऊन मागच्या पाच वर्षांचे लघुप्रबंध बघायला मागावेत. किती जणांनी प्रत्यक्ष वर्गात काही करून पाहिलं, किती जणांनी नुसत्या प्रश्नावल्या भरून घेतल्या, मार्गदर्शकांनी एकच विषय किती जणांना वाटला, शिफारशी कोणाला उद्देशून लिहिल्या आहेत, हे तासाभरात कळतं. मग ज्या प्राध्यापकांच्या हाताखाली वर्गातलं काम झालेलं दिसेल, त्यांना भेटावं आणि आपल्या शाळेचा पट, इयत्ता आणि शिक्षकांची संख्या सांगून विचारावं, यातून विषय काढायला मदत कराल का.